उकळत्या सुयांचा आवाज

१

गुरुवारी सकाळी साडेनऊला दवाखान्याच्या व्हरांड्यातला लांब बाक रिकामा दिसला, तेव्हा बाईंना आधी वाटलं, आपलाच वार चुकला. वय चौऱ्याहत्तर. या वयात वार चुकतात, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला जातो. पण फळ्यावर खडूनं स्पष्ट लिहिलं होतं: ‘आज त्रिगुणी लस. बोलावलेली मुलं त्रेचाळीस.’

वार बरोबर होता. मुलंच नव्हती.

बाईंनी याच दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी दर गुरुवारी त्या येऊन बाकाच्या टोकाला बसायच्या. रडणारं पोर मांडीवर घ्यायच्या, नव्या आयांना घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिघांना एकच सुई कशी पुरते ते सांगायच्या. पगार नाही, चहा मात्र मिळायचा.

नवी सिस्टर दारात उभी होती. ती इथे येऊन अकरा वर्षं झाली होती, पण बाईंच्या पुढे ती नवीच.

“एकही नाही आली?” बाईंनी विचारलं.

“एक आली होती. लस टोचून घ्यायला नाही, तुमची तब्येत विचारायला.” सिस्टरचा आवाज ओढल्यासारखा होता. “म्हणाली, एवढं खरं बोलायचं म्हणजे या वयात धाडसच.”

“काय खरं बोलले मी?”

सिस्टरनं फोन काढला, बटण दाबलं आणि बाईंच्या हातात दिला.

“मी दवाखान्यातलीच आहे, आतलं सांगते,” फोनमधली बाई म्हणत होती. “ही सुई पोराला देऊ नका. ताप डोक्यात जातो आणि पोर जन्माचं मंद होतं. मुलीला ही सुई दिली तर तिला पुढे मूल होत नाही. त्यासाठीच काढलीय ही सुई. डॉक्टर आपल्या पोरांना देतात का? विचारा त्यांना. आईच्या मायेनं सांगते, ज्याला आपलं पोर हवंय त्यानं या सुईच्या वाऱ्याला उभं राहू नये.”

गल्लीत एकोणीस वर्षांनी घटसर्प आला होता. बेकरीवाल्याचा नातू सहा दिवस मोठ्या इस्पितळात पडून होता. अशा वेळी हा निरोप मंगळवारपासून घराघरात फिरत होता.

बाईंनी तो दुसऱ्यांदा ऐकला. मग तिसऱ्यांदा. शंकेला जागाच नव्हती. बोलणारी बाई त्या स्वतःच होत्या.

२

“पोलिसात जाऊन आले,” दुपारी घरी आल्यावर बाई म्हणाल्या. “तो पोरगा म्हणाला, आजी, असे रोज शंभर येतात. ज्या नंबरावरून आला तो कुणाच्या ओळखीचा नाही, लावला तर बंद.”

“काय बंद?” धाकटीनं विचारलं. धाकटी म्हणजे बाईंची बहीण. वय सत्तर, पण घरात अजून धाकटीच. डावा कान कामातून गेलेला, उजवा तिच्या मर्जीप्रमाणे चालायचा.

“नंबर बंद!”

“ओरडू नकोस. ऐकव तो निरोप.”

तिनं फोन उजव्या कानाला लावला, डोळे मिटले. निरोप संपला तशी म्हणाली, “ही तू नव्हेस.”

“अगं, माझा आवाज मला कळत नाही?”

“आवाज तुझाच. पण शिट्टी कुठंय?”

“कसली शिट्टी?”

“तुझ्या कवळीची. बारा वर्षं ऐकतेय मी. स म्हणालीस की शिट्टी, श म्हणालीस की शिट्टी. बस थांबेल एखाद दिवशी. ही बाई इतक्या वेळा सुई सुई म्हणतेय, एकदाही वाजली नाही.”

 काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. निरोप त्यांचाच होता, पण बारा वर्षांहून जुना. स्वतःचे दात तोंडात होते तेव्हाचा.

दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरची सून आली होती, कडेवर साडेतीन महिन्यांचा ढब्या. हे नाव बाईंनीच ठेवलं होतं, पोर होतंच तसं.

“आजी, बरं झालं तुम्ही सांगितलंत,” ती हळूच म्हणाली. “मी आज नेणारच होते याला.”

तिच्या डोळ्यात पाणी होतं. उपकाराचं. बाईंना एकतीस वर्षांत कितीकांनी शिव्या दिल्या होत्या, एकीनं तर चप्पल उगारली होती. पण या पाण्यानं जेवढं लागलं तेवढं त्या चपलेनं लागलं नसतं.

“तो माझा निरोप नाही, पोरी.”

“पण आवाज तर...”

“आवाज माझाच आहे,” बाई म्हणाल्या.

ती गेल्यावर धाकटी स्वयंपाकघरातून पुटपुटली, “आज तरी दूध नीट तापव. शुक्रवारी तो विजेचा खांब पडला आणि रात्रभर फ्रिज बंद, दोन लिटर नासलं. सांगूनही लक्षात राहत नाही तुझ्या.”

बाईंचं लक्ष नव्हतं. त्या निरोप परत ऐकत होत्या. आता बोलणं नाही, बोलण्यामागचं. मागे बारीक, एकसारखी खदखद ऐकू येत होती. मधूनच काचेवर काच किणकिणल्यासारखं. शेवटी टक्, झाकण ठेवल्यासारखं.

तो आवाज बाईंच्या अंगात इतका मुरलेला होता की इतका वेळ ऐकूच आला नव्हता. उकळत्या पाण्यात काचेच्या सिरिंजा आणि सुया एकमेकींवर आपटत होत्या.

३

आताच्या पोरींना सांगूनही खरं वाटत नाही. एक सुई एकदा वापरली की फेकायची, हे नंतरचं. त्या काळी सुया मोजून असायच्या. दवाखान्याच्या कोपऱ्यात स्टोव्हवर स्टीलचं पसरट भांडं दिवसभर खदखदत असायचं. टोकं बोथट झाली की बाई दगडावर घासून धार लावायच्या. साऱ्या खोलीला रॉकेलचा आणि ओल्या कापडाचा वास.

त्याच खोलीत बाई नव्या मुलींचा वर्ग घ्यायच्या. आणि त्या वर्गाची रीत बाईंची स्वतःची होती. “आधी अफवा नीट म्हणून दाखवायची, मग खोडायची,” त्या सांगायच्या. “जी अफवा तुम्हाला म्हणता येत नाही, ती तुम्हाला खोडताही येणार नाही.” मग स्वतः पदर डोक्यावरून घेऊन, डोळे बारीक करून अशी काही अफवेखोर बाई वठवायच्या की मुली हसत सुटायच्या, आणि मग हळूहळू हसायच्या थांबायच्या.

तेव्हाच्या डॉक्टरांनी एकदा तो वर्ग टेपवर घेतला. लांबच्या केंद्रांना ऐकवायला. पहिल्या बाजूला एक मिनिटभर अफवा. नंतर पाऊण तास उत्तरं.

कुणीतरी ते एक मिनिट उचललं होतं आणि पाऊण तास टाकून दिला होता.

अशा कॅसेटी तीनच निघाल्या होत्या. एक बाईंच्या ट्रंकेत होती, अजून होती. दुसरी दवाखान्याच्या कपाटात. तिसरी? तीस वर्षांपूर्वीच्या स्टोव्हचा वास आठवत होता, पण तिसरी कॅसेट कुणाच्या हातात दिली तो हात काही केल्या आठवेना.

बाई चपला घालून आधी औषधवाल्याकडे गेल्या. या निरोपाचा कुणाला फायदा असेल तर तो त्याला. ‘रक्तशुद्धी थेंब’ नावाच्या हिरव्या बाटल्या त्यानं काउंटरवर पिरॅमिडसारख्या रचल्या होत्या.

“या, बाई! तुमच्यामुळे दोन दिवसांत खोकं संपलं,” तो हसत म्हणाला.

“थेंबांत काय असतं रे?”

“पाणी असतं, थोडा पुदिना असतो, आणि लोकांची श्रद्धा असते. मी कुणाला मारत नाही, बाई.”

“तारतही नाहीस. निरोप तू पाठवलास?”

त्याचं हसू ओसरलं. “धंदा करतो, पाप नाही करत. मला तो एका गिऱ्हाइकानं ऐकवला. आणि मी पाठवला असता तर आधी घरात पाठवला असता ना? माझ्या सुनेला तो आलेलाच नाही. तिच्या पोराला यंदा फक्त पोलिओचे थेंब होते. शेजारणीला आला. तिच्या पोराची त्रिगुणी होती. मी चार घरी विचारलं. ज्यांना थेट त्या नंबरावरून आला, त्या सगळ्या त्रिगुणीवाल्या. बाकीच्यांना मागाहून इकडून तिकडून पोचला.”

बाई काउंटरला हात टेकून उभ्या राहिल्या.

ज्याला लसच नको, तो पोलिओच्या थेंबांना कशाला सोडेल? आणि कुणाच्या पोराची कुठली लस राहिलीय, ही यादी गल्लीत कुणाकडे नव्हती. ती फक्त दवाखान्यात होती.

४

तरीही बेकरीवाल्याला भेटायला हवं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी त्याच्या मुलीला बाईंनीच लस दिली होती. त्या रात्री पोरीला ताप भरला, झटका आला. दोन दिवसांत ती खडखडीत बरी झाली, पण त्या दोन दिवसांत बाप जे घाबरला तो घाबरलाच. तेव्हापासून त्याच्या घरात सुई शिरली नाही. त्याच मुलीचा मुलगा आता घटसर्पानं आजारी होता. बाईंवर राग कुणाचा असेल तर त्याचा.

मोठ्या इस्पितळाच्या जिन्यात तो पायरीवर बसला होता. कपड्यांवर पीठ तसंच. सहा दिवसांत घरी गेला नव्हता. फोनची काच फुटलेली, फोन मेलेला, शेजारी पडलेला.

बाई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. गुडघे कुरकुरले.

“कसा आहे?”

“घशात नळी घातलीय. बोलता येत नाही. डोळ्यांनी पाणी मागतो.” तो भिंतीकडे बघत होता. “बाई, तुम्ही तेव्हा माझ्या दारात सात वेळा आला होता. मी मोजले होते. सातव्यांदा मी कुत्रं सोडलं तुमच्यावर.”

“म्हातारं होतं रे ते. शेपूट हलवत आलं.”

तो हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं. “काल मुलीनं मला तुमचा निरोप ऐकवला. म्हणाली, बाबा, बघा, तुमचंच खरं होतं, बाई पण आता तेच म्हणतात. बाई, मी चुकलो. मला आता कळलंय मी चुकलो. आणि तुम्ही कशाला उलटलात? आता कुणाकडे बघायचं आम्ही?”

बाईंनी त्याच्या पिठाळलेल्या हातावर हात ठेवला. हा माणूस चोर नव्हता.

उठताना त्यांना फार दमल्यासारखं झालं. तीस वर्षं एका दारातून दुसऱ्या दारात त्याच गोष्टी सांगितल्या. थोडं काही हललं असं वाटायचं, आणि परत पहिल्यापासून. एकच समाधान होतं की निदान आपल्या शब्दाला गल्लीत वजन आहे. आता तेच वजन कुणीतरी पोरांच्या गळ्यात बांधलं होतं.

५

शुक्रवारी दवाखान्यात नवी सिस्टर कपाट उपसत बसली होती आणि मावशी फरशी पुसत होत्या. मावशी दवाखान्याच्या मदतनीस. बाईंच्या नंतर दहा वर्षांनी लागलेल्या, आता आठ महिन्यांनी निवृत्त होणार. भिंतीवर त्यांच्या नावाचं फ्रेममधलं प्रशस्तिपत्र होतं: ‘लसींची एकही बाटली न फुटता पंचवीस वर्षे सेवा.’ दर शनिवारी मावशी ते ओल्या फडक्यानं पुसायच्या.

“ही घ्या तुमची कॅसेट,” सिस्टर म्हणाली. “पण ही कुणी वाजवली असेल तर त्याला नोबेल द्या.”

कॅसेटच्या आत पांढरी बुरशी फुलली होती, फीत चिकटून एकच गोळा झालेला. म्हणजे ही नव्हे. तिसरी.

“यादी कुणाकुणाच्या हाताखालून जाते?” बाईंनी विचारलं.

“माझ्या. मावशींच्या. आयांना फोन त्याच करतात.” सिस्टर एकदम थांबली. “बाई, तुम्हाला माझा संशय येतोय का?”

“मला सगळ्यांचा येतोय. माझा पण आला होता.”

बाई फ्रिजपाशी गेल्या. दारावर तापमानाचा तक्ता टांगलेला होता. रोज सकाळ-संध्याकाळ पारा बघायचा आणि आकडा लिहायचा, ही शिस्त त्यांनीच लावलेली. शुक्रवार संध्याकाळ, चार. शनिवार सकाळ, चार. शनिवार संध्याकाळ, चार. रविवार, चार, चार. सगळे चार एकाच पेनचे, एकाच उतरत्या वळणाचे.

“गेल्या शुक्रवारी तू इथं होतीस?”

सिस्टरचा चेहरा उतरला. “लेकीकडे गेले होते. तिचे दिवस भरत आलेत. सोमवारी आले आणि... आकडे भरून टाकले. रोज चारच असतो, बाई.”

“शुक्रवारी रात्रभर वीज नव्हती. आमचं दूध नासलं.”

“मग फ्रिजही थोडा तापला असेल. पण बाटल्यांवरची खूण बघितली मी. उष्णता लागली की खुणेचा रंग बदलतो. एकीचाही बदललेला नाही.” ती घाईघाईनं म्हणाली. “लस चांगली आहे. उद्या खास सत्र ठेवलंय, घटसर्पासाठी. तुम्ही बायकांना समजावलंत तर येतील.”

मावशींनी पोछा पिळला. बराच वेळ पिळत राहिल्या.

“एवढी घाई कशाला म्हणते मी,” त्या खाली बघूनच म्हणाल्या. “सोमवारी नवी खेप येते. बायकांची मनं पण तोवर निवतील. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?”

“बेकरीवाल्यावर कोसळलंय ना,” बाई म्हणाल्या.

मावशींनी पोछा परत बादलीत बुडवला. तो कोरडा झालेला होता.

६

शनिवारी सकाळी बाईंनी खालच्या सुनेला सगळं सांगितलं. वर्गाची रीत, कॅसेट, शिट्टी. कवळी काढून एकदा आणि घालून एकदा ‘सुई’ म्हणूनही दाखवलं. सून हसली. मग गंभीर झाली.

“तुम्ही स्वतः मांडीवर घेणार असाल तर येते.”

“घेते.”

व्हरांड्यात बाकावर ती एकटीच. रस्त्याच्या पलीकडे मात्र सात-आठ बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. येत नव्हत्या, जातही नव्हत्या. हिचं काय होतंय ते बघून ठरवणार होत्या.

आत सिस्टरनं बाटली हलवली, ट्रेमध्ये ठेवली आणि सुईचं पाकीट शोधायला लागली. पाकीट सापडेना. बाईंनी ढब्याला मांडीवर घेतलं. त्यानं लगेच त्यांच्या चष्म्याला हात घातला.

“त्याला सर्दी आहे,” मावशी एकदम म्हणाल्या. “आज नको, सिस्टर.”

“कुठं सर्दी?” सून म्हणाली. “नाक कोरडं आहे त्याचं.”

“छातीत आहे. मला ऐकू येतेय.” मावशींचा आवाज चिरकला होता. “सोमवारी करा म्हणते ना मी!”

बाईंनी मावशींकडे पाहिलं. मावशी पोराकडे बघत नव्हत्या. ट्रेकडे बघत होत्या. बाईंची नजर तिकडे वळली.

त्रिगुणी लस हलवली की ताकासारखी पांढरट होते आणि बराच वेळ तशीच राहते. हलवून पाच-सात मिनिटंच झाली होती. बाटलीच्या वरच्या भागात स्वच्छ पाणी दिसत होतं. पांढरं सगळं तळाला बसत चाललं होतं.

सिस्टरला पाकीट मिळालं. तिनं बाटली परत हलवली, सुई टोचून द्रव ओढला आणि ढब्याच्या मांडीवर कापूस फिरवला.

“थांब,” बाई म्हणाल्या.

कवळीला शिट्टी वाजवायला त्या शब्दात काही नव्हतं. पण खोलीत तो शिट्टीसारखाच घुमला.

“सुई खाली ठेव. आणि मला एक वस्तू हवीय.” बाईंनी आवाज हळू केला. “त्या शुक्रवारच्या रात्री बर्फात न गेलेली एक बाटली. एखादी राहिली असेल. कोण देईल?”

सिस्टर गोंधळून बघत राहिली. “कसला बर्फ?”

मावशी उठल्या. फ्रिज उघडला. शोधलं नाही, चाचपलं नाही. मधल्या खणात डाव्या कोपऱ्यात, इतर बाटल्यांच्या मागे हात घातला आणि एक बाटली काढून बाईंच्या तळहातावर ठेवली.

“एकच मावली नव्हती,” त्या म्हणाल्या.

७

सुनेला आणि ढब्याला बाईंनी बाहेर बसवलं. मग दोन्ही बाटल्या एकदम हलवून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. तिघी बायका त्यांच्याकडे बघत बसल्या. डावीकडची ताकासारखी राहिली. उजवीकडच्या बाटलीत बारीक कण दिसायला लागले, मग पांढरं खाली, वर पाणी.

“गोठून वितळलेली,” बाई म्हणाल्या. “उन्हाची खूण बाटलीवर उमटते. गारठ्याची उमटत नाही. ही टोचली तर पोराचं वाईट काही होत नाही, भलंही काही होत नाही. आईला वाटतं, पोर राखलं. आणि पोर उघडंच.”

सिस्टरनं तोंडावर हात ठेवला.

“मी सांगू, की तू सांगतेस?” बाईंनी मावशींना विचारलं.

मावशींनी नाही म्हणून मान हलवली. 

“मग मीच सांगते. चुकलं तर थांबव. ज्यानं निरोप पाठवला त्याला लस नको नव्हती. पोलिओचे थेंब त्यानं सोडले, म्हणजे त्याला फक्त त्रिगुणी नको होती. आणि तीही सोमवारपर्यंतच. नवी खेप आली की चालेल, असं काल तूच म्हणालीस. म्हणजे फ्रिजमधल्या याच बाटल्यांत काहीतरी आहे हे त्याला ठाऊक होतं. सिस्टरला नव्हतं. तिला ठाऊक असतं तर तिनं आज सुई भरली नसती. आणि ती कॅसेट...” बाई थांबल्या. “परवापासून आठवत नव्हती. झाकणाच्या आवाजानं आठवली. टक्. ते झाकण तू ठेवलंस. सगळ्या मुली वर्गात बसायच्या आणि तू स्टोव्हपाशी उभी, भांडं सोडून बसता यायचं नाही म्हणून. मला वाईट वाटलं. म्हटलं, घरी ऐक निवांत. तिसरी तुला दिली.”

“मी शंभरदा ऐकलीय,” मावशी म्हणाल्या. आता बांध फुटला. “पूर्ण. सगळी उत्तरं पाठ आहेत माझी. बाई, त्या रात्री वीज गेली. सिस्टर नव्हती. लस तापली तर वाया जाईल म्हणून जीव नुसता वर-खाली. तुम्हीच शिकवलं होतं ना, थंड, थंड, जितकं थंड तितकं बरं?”

“पोलिओच्या थेंबांसाठी शिकवलं होतं गं.”

“मला एवढंच आठवलं. फ्रिजरमध्ये बर्फाचे पॅक होते, एकमेकांत घट्ट, ते सकाळपर्यंत दगड राहतात. सगळ्या बाटल्या त्यांच्या मधे दाबून बसवल्या. एक मावली नाही. सकाळी बघते तर बाटल्याही दगड. मग खोक्यावरचं वाचलं: गोठवू नये.”

“दार नुसतं बंद ठेवलं असतंस तर फ्रिज रात्रभर गारच राहिला असता,” बाई हळूच म्हणाल्या. म्हणाल्या आणि वाटलं, नसतं म्हटलं तर बरं.

“मला का नाही सांगितलंस?” सिस्टर ओरडली.

“तुमचे ते चार-चारचे आकडे बघितले मी सोमवारी. तोंड उघडलं असतं तर तुमची नोकरी गेली असती, लेकीच्या बाळंतपणात. आणि माझी...” मावशींनी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलंच नाही. “म्हटलं, बाटल्या फोडूनच टाकाव्यात. ट्रे हातात घेतला. हात होईना, बाई. इतक्या वर्षांत एक फुटली नाही. मग वाटलं, आठवडाभर बायका आल्याच नाहीत तर? नवी खेप आली की मीच घरोघर जाऊन परत आणीन. उत्तरं तर पाठच आहेत. आमच्या यांचा नंबर अजून चालू ठेवला होता मी, ते गेल्यापासून. फोटो आहेत त्यात. कॅसेटचं पहिलं मिनिट त्याच फोनमध्ये भरून पाठवलं आणि फोन बंद केला. आणि मग तो निरोप थांबेचना. मी पाठवला त्रेचाळीस जणींना, आणि रात्रीपर्यंत...”

“आग लावणं सोपं असतं,” बाई म्हणाल्या. रागानं नाही. राग यायलाही जोर लागतो.

बाहेर सून ढब्याला गाणं म्हणत होती. रस्त्यापलीकडच्या बायका अजून उभ्या होत्या.

“आता त्यांना काय सांगायचं?” सिस्टरनं विचारलं. “खरं सांगितलं तर म्हणतील, बघा, लस खराबच होती. एक बाटली खराब म्हटली की शंभर खोट्या गोष्टी खऱ्या होतील. सर्दीचंच सांगू या का, बाई? आजच्यापुरतं?”

बाईंना मोह झाला नाही असं नाही. त्या म्हाताऱ्या होत्या, दमल्या होत्या, आणि एक छोटंसं खोटं तयारच होतं.

“मावशीनं पण आजच्यापुरतंच सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

८

खरं सांगितल्यावर जे व्हायचं ते झालं. औषधवाल्याचं दुसरं खोकं संपलं. वरून साहेब आले, तक्ता घेऊन गेले. सिस्टरची बदली लांब कुठेतरी झाली. मावशींना आठ महिने आधीच घरी बसवलं. जाताना त्यांनी फ्रेम स्वतःच उतरवली. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला.

बाईंनी त्याच फोनवर नवा निरोप बोलून पाठवला. धाकटीनं तो आधी उजव्या कानानं तपासला.

“ही मी,” निरोपात बाई म्हणत होत्या. “या आधीची पण मीच होते, पण ती तीस वर्षांपूर्वीची, अफवा कशी असते ते शिकवणारी. तिच्या पुढचं पाऊण तास उत्तर तुम्हाला कुणी ऐकवलं नाही. आमच्याकडून बाटल्या खराब झाल्या, त्या काढून टाकल्या, नव्या आल्या. ऐका, सगळ्या सकाळी सवडीनं या. शिट्टी वाजतेय ना? मग मीच.”

गुरुवारी फळ्यावर परत त्रेचाळीस लिहिलं होतं. साडेनऊला बाकावर ढब्या आणि त्याची आई. दहापर्यंत सहा. मग कोपऱ्यावरून मावशी आल्या, साध्या लुगड्यात, गणवेशाशिवाय. मागे तीन बायका.

“पगार नाही, चहा तरी आहे का?” मावशींनी विचारलं.

“माझ्यातला अर्धा,” बाई म्हणाल्या आणि बाकावर सरकल्या.

त्यांच्यापाठोपाठ बेकरीवाला. धाकट्या नातीला कडेवर घेऊन, ताठ, फाशी जायला निघाल्यासारखा. “त्यानं आज पाणी गिळलं,” एवढंच म्हणाला.

साडेअकरापर्यंत सतरा झाल्या. सव्वीस बायका आल्याच नाहीत.

बदलीवर आलेली सिस्टर तरुण होती, भराभर काम उरकणारी. तिनं बाटली उचलली तशी ढब्याची आई म्हणाली, “थांबा. हलवून टेबलावर ठेवा आधी. आम्हाला बघायचंय.”

“अहो, असं प्रत्येकीसाठी करत बसले तर संध्याकाळ होईल!”

“होऊ दे,” बाकावरून बाई म्हणाल्या. “हलव. दाखव त्यांना.”

सिस्टरनं बाटली हलवली आणि टेबलावर ठेवली. सतरा बायका, एक बेकरीवाला आणि दोन म्हाताऱ्या दाराशी गोळा झाल्या.  पोरं कशी कोण जाणे गप्प होती. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मावशींनी बाईंचा हात घट्ट धरला होता.

बाटली पांढरीच राहिली.

ढब्याच्या आईनं त्याच्या मांडीवरचं कापड बाजूला केलं.